आईबाबांना हायब्रिड गाडीसाठी तयार करताय? या चुका टाळा

घरातली जुनी गाडी बदलायची वेळ आली आहे, मुलांच्या मनात हायब्रिड भरली आहे आणि बाबा मात्र "बघू, घाई काय आहे" यापुढे सरकत नाहीत, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. शहरात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या आणि स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला स्ट्राँग हायब्रिडइतकी (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालणारी) सुखाची गाडी आज दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. क्लच नाही, चार्जिंगची वाट बघणं नाही आणि ट्रॅफिकमध्ये डोकं उठवणारी घरघरही नाही. पण ही गोष्ट गळी उतरवताना आपण ॲव्हरेजचे आकडे ऐकवत बसतो. बाबांच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो: ही गाडी रस्त्यात अडली तर मला काही करता येईल का? हे ते सरळ विचारत नाहीत. कधी बॅटरीचं नाव काढतात, कधी किमतीचं, कधी "आपल्याकडे हे दुरुस्त कोण करणार?" म्हणतात. बहुतेक चुका हा प्रश्न न ओळखल्यामुळेच होतात.

शेजारच्यांच्या 'हायब्रिड'वरून वाद घालणं

"जोशींकडेही हायब्रिडच आहे, त्यांना काही फरक पडला नाही." हे वाक्य कानावर आलं की लगेच खोडून काढू नका, आधी गाडी कुठली ते विचारा. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये 'स्मार्ट हायब्रिड' आणली, पुढे ती अर्टिगातही आली. ही माइल्ड हायब्रिड. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकट्या बॅटरीवर गाडी हलत नाही. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या तर माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते आणि सिग्नलला किंवा संथ रहदारीत इंजिन बराच वेळ बंद राहतं. जोशींचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या जातीच्या गाडीचा आहे. हे बाबांना खोटं न पाडता सांगा.

दुसरा गैरसमज चार्जिंगचा. सोसायटीत चार्जिंग पॉइंटवरून भांडणं पाहिलेली असतात, त्यामुळे बाबा आधीच धास्तावलेले असतात. हायरायडर, ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी ई-एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस यांपैकी एकाही गाडीला प्लग लावावा लागत नाही. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ताकद आणि इंजिन यांच्यावरच बॅटरी भरत राहते. पंपावर पेट्रोल भरायचं, एवढंच.

हिशेब अर्धाच मांडणं

कंपनीचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा (हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराचा, प्रमाणित चाचणीतला) बाबांच्या तोंडावर फेकू नका. त्यांनी आयुष्यभर टाकी फुल करून, वहीत नोंदी ठेवून ॲव्हरेज काढलं आहे, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

वही घ्या आणि त्यांच्याच वापराचं गणित मांडा. समजा शहरात ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी लिटरला १२ देते आणि हायब्रिड २०. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरलं तर एकीला १,००० लिटर लागतं, दुसरीला ६००. पेट्रोल १०० रुपये धरलं तर वर्षाला ४०,००० रुपये वाचले. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो पाच वर्षांत भरून निघतो. पण निवृत्तीनंतर वापर निम्म्यावर आला असेल तर दहा वर्षं लागतात. हायवेवर एका वेगात जाणाऱ्यांचा फायदा आणखी कमी, कारण सारखा ब्रेक लागला तरच बॅटरीला परत काही मिळतं.

करांचाही उल्लेख करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, तर वर सांगितलेल्या मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के. आधी हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के होता, म्हणजे तिथे थोडंच कमी झालं आणि छोट्या गाड्या मात्र बऱ्याच स्वस्त झाल्या. तेव्हा बाबांच्या मनात छोटी ऑटोमॅटिक असेल आणि महिन्याला भाजी, बँक, देऊळ एवढंच फिरणं असेल, तर नुसत्या पैशाच्या हिशेबात त्यांचं म्हणणं वरचढ ठरतं. ते मान्य करा आणि हायब्रिड का घ्यायची ते आरामाच्या मुद्द्यावर सांगा. आणि "वरचे पैसे मी देतो" हे पहिल्याच बैठकीत बोलू नका. स्वतःच्या कमाईवर गाडी घेतलेल्या माणसाला ते लागतं, आणि गाडीचा विषय बाजूला राहून मानाचा विषय सुरू होतो.

टोलमाफीचं आमिष तर अजिबात दाखवू नका. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची सवलत विजेवर चालणाऱ्या गाड्यांना आहे. हायब्रिडला हिरवी नंबरप्लेटही मिळत नाही. पहिल्याच टोलनाक्यावर पैसे कापले गेले की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल.

बॅटरीची भीती हसण्यावारी नेणं

"आठ वर्षांनी बॅटरी गेली तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघांचीही हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी आहे. गाडी पंधरा वर्षं वापरायची सवय असलेला माणूस नवव्या वर्षाचं विचारणारच.

त्यांना दोन गोष्टी समजावून सांगा. पहिली, ही बॅटरी लहान असते. हायरायडरमधल्या बॅटरीची वीज साठवण्याची क्षमता ०.७६ किलोवॅट-अवर आहे, तर विजेच्या गाड्यांत ३०-४० किंवा त्याहून जास्त असते. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या किमतीची भीती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. दुसरी, मोबाइल आपण शंभर टक्के भरतो आणि शून्यावर आणतो, म्हणून त्याची बॅटरी लवकर थकते. हायब्रिडमध्ये गाडीचा संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. हे तंत्र नवखंही नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आली आणि भारतात कॅमरी हायब्रिड २०१३ पासून रस्त्यावर आहे.

एवढं सांगून थांबू नका. जवळच्या सर्व्हिस सेंटरला बाबांना घेऊन जा आणि बॅटरी बदलण्याचा आजचा खर्च त्यांच्यासमोर लेखी मागा. विम्याच्या एजंटलाही विचारा: पुराचं पाणी शिरलं किंवा उंदरांनी वायरी कुरतडल्या तर हायब्रिड बॅटरी पॉलिसीत धरली आहे का, की वेगळं कव्हर घ्यावं लागेल? कोल्हापूर-सांगलीच्या माणसाने २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, त्याला तोंडी आश्वासन पुरत नाही. कागदावर आकडा दिसला की भीतीला निदान मर्यादा पडते.

गॅरेजवाल्याला मोडीत काढणं

वीस वर्षं ज्याने गाडी सांभाळली, तो म्हणाला, "साहेब, या भानगडीत पडू नका," की बाबांचं मत जवळजवळ ठरतंच. त्याला नावं ठेवून तुम्ही हरता. त्यापेक्षा त्याच्याकडे जाऊन बोला. टायर, सस्पेन्शन, फिल्टर, ऑइल ही कामं वॉरंटी संपल्यावर तो करू शकतो. ब्रेकचे पॅड तर मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्यामुळे जास्त टिकतात. नारिंगी रंगाच्या जाड केबल मात्र उच्च दाबाच्या विजेच्या असतात, त्यांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावायचा नाही. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटरवर असेल, तर मीही आग्रह धरणार नाही.

दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह

इथे सगळ्यात जास्त गाड्या नाकारल्या जातात. शोरूममधला मुलगा तुमच्याशी बोलतो, बाबा शेजारी उभे असतात आणि त्यांच्या वाट्याला येतं ते "काका, चहा घेणार?" एवढंच. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी बाबा घेणार आहेत आणि प्रश्न तेच विचारतील.

मग मोकळ्या रस्त्यावर न जाता संध्याकाळी बाजाराच्या गर्दीत गाडी न्या. तिथे हायब्रिड आपला गुण दाखवते: रांगेत सरकताना इंजिन गप्प, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्यामुळे गार हवा चालूच. मे महिन्यात सिग्नलला थांबल्यावर मागच्या सीटवर बसलेल्या आईला हे कळलं की अर्धं काम तिथेच होतं. तिलाही नक्की न्या. चढता-उतरताना गुडघ्याला त्रास होतो का, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

एखादा चढही घ्या. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, ठाण्यात असाल तर घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ. जोर दिल्यावर इंजिन एका सुरात मोठ्याने ओरडतं, गिअर बदलल्याची जाणीव होत नाही. लांब उतारावर बॅटरी भरली की इंजिन आपोआप जोरात फिरू लागतं, कारण ते गाडीला रोखून धरत असतं. आधी सांगितलं नसेल तर बाबा म्हणतील, "काहीतरी बिघडलंय." सामानही सोबत न्या. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये बॅटरीमुळे डिकी चांगलीच लहान होते, त्यामुळे गावाला जाताना लागतात त्या बॅगा ठेवूनच बघा.

किल्ली देऊन मोकळं होणं

गाडी घेतली म्हणजे काम संपलं असं नाही. बाबांना खरी अडचण पहिल्या महिन्यात येते.

ब्रेक दाबून बटण दाबलं तरी इंजिनाचा आवाज येत नाही, म्हणून ते पुन्हा बटण दाबतात आणि गाडी बंद करतात. डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा लागला म्हणजे गाडी चालू आहे, हे त्यांच्या हाताने चार-पाच वेळा करून घ्या. याच्या उलट चूक जास्त धोक्याची आहे. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असं समजून ते 'रेडी'मध्येच सोडून उतरतात. मग बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि बंद गॅरेजमध्ये विषारी धूर साठतो. उतरताना गिअर 'पी'वर (पार्क) टाकणं, बटण दाबणं आणि दिवे विझलेले बघणं, हा क्रम पक्का बसवा. सोसायटीच्या आवारात संथ जाताना मुलांना गाडीची चाहूल लागत नाही, तेही सांगून ठेवा.

आईबाबा दोन-तीन महिने परदेशी मुलीकडे गेले की गाडी उभी राहते आणि साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी गेली की 'रेडी' येतच नाही. तेव्हा घाबरून हायब्रिड बॅटरीला दोष देण्याआधी हीच तपासायची. जाण्यापूर्वी शेजारी कुणाला तरी किल्ली देऊन, दर आठवड्याला उघड्यावर थोडा वेळ गाडी 'रेडी'मध्ये ठेवायला किंवा एक चक्कर मारायला सांगा. आणि कुठे अडलीच, तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू द्यायची नाही, मोटरचं नुकसान होऊ शकतं. गाडी पूर्ण उचलून नेणारी क्रेन मागवायची. रोडसाइड असिस्टन्सचा (रस्त्यात अडल्यावर मदत पाठवणाऱ्या सेवेचा) नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि बाबांच्या मोबाइलमध्येही त्यांच्यासमोर सेव्ह करून द्या.