बचत नसताना इंजिनिअरिंगच्या फीचं गणित असं बसतं

कर्जाचा विचार शेवटी. आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेच्या जागेवर ट्यूशन फी पूर्ण माफ होते. मंजूर जागांच्या ५ टक्केच, म्हणजे ६० च्या वर्गात जेमतेम ३, म्हणून कटऑफ चढा. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. नेहमीचाच कोड भरला की माफी गेली, आणि हे अनेकांना अलॉटमेंट लागल्यावर कळतं! डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल मात्र भरावंच लागतं.

ती जागा हुकली तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. खुल्या गटातल्या मुलांना निम्मी ट्यूशन फी मिळते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातलं काहीच नाही.

शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात ते बहुधा बँकेत. केवायसीला आधार दिलं म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) खातं जोडलं गेलं, असं नसतं. शाखेत जाऊन ‘आधार सीडिंग’चाच फॉर्म मागा. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरायचा.

मूल अजून दहावीतच असेल तर सरकारी पॉलिटेक्निक बघा. डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.