प्लॅनेरिया कापताय? मग या चुका टाळा

प्लॅनेरिया म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा चपटा कृमी; कापला तर त्याच्या तुकड्यांतून नवे प्राणी वाढतात. वर्गात हा प्रयोग करताना तुकडे मेले की विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, ब्लेड चुकलं." ब्लेडने प्लॅनेरिया सहसा मरत नाही. शरीराच्या २७९व्या हिश्शाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी तयार होतो, हे जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ साली नोंदवलं आहे. जीव जातो तो पाण्यामुळे.

एका वर्षी शुक्रवारी आम्ही चोवीस तुकडे केले. सोमवारी पाहते तर वाट्यांत नुसते करडे, बुळबुळीत गोळे. पाणी तर दोन दिवस उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेला. खोदून विचारल्यावर कळलं, एका मुलीने ते पाणी "शुद्ध राहावं" म्हणून तांब्याच्या कळशीत भरून ठेवलं होतं. आपल्याला मानवणारं तांबं या जीवाला विष आहे. तेव्हापासून मी प्लॅनेरियासाठी वेगळी प्लास्टिकची बादली ठेवते, तिला साबण लावू देत नाही. डिस्टिल्ड पाणीही नको, त्यात क्षार नसतात.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला खरंच राग येतो. कापण्याआधी आठवडाभर उपाशी ठेवा म्हटलं की कुणीतरी दोनच दिवस ठेवतं. भरल्या पोटाचा प्राणी कापला की आतलं अन्न जखमेपाशी सडतं. मग तिसऱ्या दिवशी दया येऊन तुकड्याला कलेजी घालतात. अहो, शेपटीकडच्या तुकड्याला अजून घसाच नाही, तो खाणार कशाने? नव्या पेशी निओब्लास्ट नावाच्या मूळपेशींपासून येतात आणि बाकीचं शरीर आहे त्याच मालातून नव्याने बेतलं जातं. म्हणून नवा प्राणी आधी छोटाच दिसतो. दोन-तीन दिवसांत कापल्या जागी पांढुरका कोंब, आठवड्याभरात डोळ्यांचे ठिपके, साधारण दोन आठवड्यांत छोटा पण पूर्ण प्राणी. तोवर फक्त पाणी बदला.

जळवेचं पिल्लू प्लॅनेरिया समजून कापू नका. टोकाला चूषक, म्हणजे चिकटून धरणारी वाटी, दिसली की ती जळू.

डोळ्यांच्या पुढचं टोक एकटं वाढत नाही, त्याची वाट पाहू नका.

एप्रिल-मेमध्ये वाट्या ओल्या वाळूच्या परातीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

दोन डोकी हवी असतील तर डोकं मधोमध चिरून सोडून देऊ नका. चीर काही तासांत पुन्हा जुळते. मी पहिल्या दिवशी दोन-तीनदा ती परत उघडते.