खेळाडूच्या चालीने बदलणारे संगीत कसे रचावे

लावणीचा ढोलकीवादक नर्तकीच्या पावलांवर डोळा ठेवून वाजवतो. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला तेच करायचे असते, मात्र खेळाडू पुढे काय करील हे त्याला आधी ठाऊक नसते. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये चार स्वरांचे एक आवर्तन शत्रू कमी होत जातील तसे जलद होत असे, तंत्र साधे होते, पण त्यामागचा विचार आजही तोच आहे.

समजा, वरळी कोळीवाड्यातून समुद्रात गेलेली होडी वादळातून परत आणायची, असा खेळ आहे. आधी संगीत कोणत्या गोष्टीनुसार बदलणार ते ठरवावे. येथे वाऱ्याचा वेग, ० ते १००, एवढा एकच आकडा पुरतो. नवशिक्याने एकाहून अधिक आकडे घेऊ नयेत.

त्यानंतर एकाच लयीत आणि एकाच लांबीचे तीन थर ध्वनिमुद्रित करावेत: स्वरमंडळ, ढोलकी आणि ताशा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केरवा तालाचे आठ मात्रांचे आवर्तन ४ सेकंदांचे होते, म्हणजे आठ आवर्तनांचा तुकडा ३२ सेकंदांचा होईल. एफमॉड किंवा वाइज या खेळातला आवाज हाताळणाऱ्या संगणक प्रणालीत तिन्ही थर एकदमच सुरू करून वाऱ्याच्या आकड्यानुसार त्यांचा आवाज वरखाली करावा. ताशा ६० वर सुरू झाला, तर तो ५० च्या खाली गेल्यावरच थांबवावा. नाहीतर वारा साठाच्या आसपास घुटमळला की ताशाही सतत चालू-बंद होत राहील.

खरी कसोटी वळणाची असते. वादळ संपून होडी किनाऱ्याला लागली की दुसरी चाल सुरू व्हायला हवी, आणि ती समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, यावी, कारण मधल्या मात्रेवर केलेला बदल अशिक्षित कानालाही खटकतो. पण समेची वाट पाहताना जवळजवळ ४ सेकंद जाऊ शकतात. म्हणून पाचव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या ‘खाली’वरही (टाळी नसलेल्या मात्रेवरही), वळण्याची मुभा द्यावी, म्हणजे विलंब फार तर २ सेकंदांचा राहतो. अचानक लाट आदळली तर तेवढेही थांबू नये: ताशाचा एकच जोरकस ठोका तत्काळ वाजवावा आणि मूळ चाल त्याच्या आडून समेवर बदलावी. आपल्याकडे तिहाईसारखी (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याची) देखणी सोय असताना ती केवळ मैफलीपुरती ठेवणे मला पटत नाही; पातळी जिंकल्यावर समेवर उतरणाऱ्या छोट्या तिहाईइतका समाधानकारक शेवट दुसरा नसेल.

तुकड्याच्या शेवटी स्वरमंडळाची आस, म्हणजे तारेचा रेंगाळणारा नाद, कापली जाऊ नये, म्हणून ती पुढच्या आवर्तनावर विरू द्यावी. सलग फिरणारे तुकडे एमपी३ मध्ये साठवू नयेत, कारण त्या रूपांतरात सुरुवातीला सूक्ष्म शांतता भरली जाते आणि सांधा ऐकू येतो. वेव्ह किंवा ऑग स्वरूप घ्यावे.

शेवटी, स्टुडिओतील ध्वनिवर्धकांवर समाधान मानू नये. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ढोलकीच्या धुमीचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. दादरहून कल्याणकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये साधे इअरफोन लावून खेळ खेळून पाहावा, आणि तेथे जो थर ऐकू येणार नाही त्याची पट्टी किंवा वाद्य बदलावे.