छोट्या लेथवर मोठा जॉब: हेडस्टॉक उचलायचा तर असा उचला

दिवाळीनंतर भात झोडून झालं की आमच्याकडच्या गिरण्या दिवसभर धडधडतात, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी पुलीचं बोअर (मधलं भोक) झिजतं. दहा इंची बिडाची पुली खांद्यावर घेऊन माणूस वेंगुर्ल्यात माझ्या पडवीत येऊन उभा राहतो. माझा लेथ (कातकामाचं यंत्र) चार इंच सेंटर हाइटचा, जॉबचा मध्य बेडच्या चार इंच वर, म्हणजे बेडवर जेमतेम २०३ मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरणार. पूर्वी मी त्याला कुडाळच्या एमआयडीसीचा रस्ता दाखवायचो. आता हेडस्टॉकखाली, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या डोक्याखाली, ४० मिलिमीटरचे ठोकळे घातलेत. स्विंग (फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास) २८३ झालाय, पुली बसते.

पण आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. हा आकडा बेडवरचा आहे. क्रॉस-स्लाइडवरचा (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावरचा) स्विंग त्याहून बराच कमी असतो, आणि ठोकळे घालूनही माझी दहा इंची पुली क्रॉस-स्लाइडवरून जात नाही. ती फेसप्लेटला (हेडस्टॉकवर फिरणाऱ्या तबकडीला) चिकटून, सॅडलच्या (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) डाव्या पंखावर फिरते आणि टूल डावीकडे बाहेर काढून तिच्यापर्यंत पोचावं लागतं. त्यामुळे हा उद्योग पुली, फ्लायव्हील, फ्लँज असल्या रुंद पण आखूड जॉबसाठी. दोन फूट लांब, जाड शाफ्ट कातायचा असेल तर सरळ मोठ्या लेथवाल्याकडे जा.

माझ्या लेथचा बेड सपाट आहे. तुमचा व्ही-बेड असून हेडस्टॉक थेट व्हीवर बसत असेल, तर ठोकळ्याला खाली खाच आणि वर तसाच व्ही हवा. ते घरी होणारं काम नाही.

ठोकळे भरीव बिडाचे किंवा भरीव एम.एस.चे (साध्या पोलादाचे) घ्या. चौकोनी पाइप वेल्ड करून घालायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्यावर एक तरी कट घेतलाय का, हे विचारा. वेल्डिंगने पाइप वाकडा होतो तो होतोच, वर कट घेताना देवळातल्या घंटेसारखा घुमतो. दोन्ही ठोकळे सरफेस ग्राइंडरवर एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवून घासून घ्या. माझे पहिले ठोकळे एका ठिकाणी दोन वेगवेगळ्या दिवशी घासले गेले आणि त्यांच्या उंचीत सहा शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. दोष माझाच, कारण 'एकत्र घासा' हे मी सांगितलंच नव्हतं. जाडी ४० ऐवजी ३९.७ आली तरी काही बिघडत नाही. दोन्ही सारखे हवेत, एवढंच.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, नव्या उंचीला पुरतील इतके लांब. हार्डवेअरच्या दुकानातला साधा आटेदार रॉड कापून वापरू नका.

आता खरं काम: हेडस्टॉक सरळ बसवणं. इथे मी अख्खा एक महिना घालवला.

पहिल्या वेळी मी ठोकळे ठेवले, बोल्ट आवळले, पाणसळ ठेवून बघितली आणि खूश झालो. पुलीचं बोअर केलं. चार दिवसांनी गिरणीवाला दारात. "रे, तुझी पुली नाचता!" मोजलं तर ६० मिलिमीटर लांबीच्या बोअरमध्ये आठ शतांशाचा टेपर (निमुळतेपणा). शाफ्टला पुली एकाच टोकाला धरत होती आणि सगळा भार चावीवर (पुली आणि शाफ्टमधल्या खुंटीवर). पाणसळ लेथचा बेड लावायला ठीक आहे. स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) बेडला समांतर आहे की नाही, ते तिला कळत नाही.

तर असं करा. ठोकळ्याच्या कडांवरून ऑइल स्टोन फिरवून बर (कडेला उरलेले धातूचे काटे) काढा, सगळे पृष्ठभाग रॉकेलने धुवा आणि शेवटी उघड्या तळहाताने पुसा. फडक्याला जो कण कळत नाही तो हाताला कळतो. हेडस्टॉक बसवून बोल्ट अर्धवट आवळा. चार जबड्यांच्या चकमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) ४० मिलिमीटर व्यासाचा बार धरा, १५० मिलिमीटर बाहेर. टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाचा) आधार द्यायचा नाही. बारवर १०० मिलिमीटर अंतराने दोन कॉलर (उंच पट्टे) ठेवा आणि मधला भाग दोन मिलिमीटर उतरवा. धारदार एच.एस.एस. (हायस्पीड स्टील) टूलने दोन्ही कॉलरवरून एकाच सेटिंगवर दशांश मिलिमीटरचा हलका कट घ्या. मध्ये क्रॉस-स्लाइडच्या हँडलला हात लावायचा नाही. मग मायक्रोमीटर.

बाहेरची कॉलर जाड आली तर स्पिंडलचं नाक तुमच्यापासून लांब, मागे वळलंय. ते पुढे घ्या. बारीक आली तर उलट. व्यासातला फरक चार शतांश असेल तर स्पिंडल १०० मिलिमीटरला दोन शतांश तिरका आहे, चार नव्हे. ही निम्म्याची गोष्ट विसरल्यामुळे मी तीन संध्याकाळी हेडस्टॉक इकडून तिकडे ढकलत बसलो होतो. ढकलायचा तो लाकडी हातोडीने, डायलचा (बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकाचा) पॉइंटर हेडस्टॉकला टेकवून, म्हणजे किती हलला ते दिसतं.

वर-खालचा तिरकेपणा या कॉलरांवर जवळजवळ दिसतच नाही. त्याला डायलच हवा. ग्राइंड केलेला बार धरा, मॅग्नेटिक स्टँड सॅडलवर, डायल बारच्या माथ्यावर. चकजवळ स्पिंडल एक फेरी फिरवून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा घ्या, त्यांचा मध्य काढा. बाहेरच्या टोकाला तसंच. नाक १०० मिलिमीटरला एक शतांश वर चाललेलं असेल तर असू द्या, जड फेसप्लेट लागल्यावर ते थोडं खाली येणारच. खाली चाललेलं मात्र चालवून घेऊ नका.

शिम (उंची जुळवायची पातळ पट्टी) पितळेचीच, आणि ठोकळ्याच्या पूर्ण रुंदीखाली. एका कोपऱ्याखाली घातलीत तर हेडस्टॉक तीन पायांच्या स्टुलासारखा डुलेल. कागदाची शिम मी एकदा घातली होती, जुन्या कॅलेंडरचं पान. डिसेंबरात सगळं झकास. जुलैत पुन्हा टेपर. उघडून बघितलं तर कागदाने ओल धरली होती आणि त्याखाली ठोकळ्यावर गंजाचा तपकिरी पापुद्रा. समुद्रापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्याने लोखंडात कागद ठेवू नये.

बोल्ट पूर्ण आवळताना डायल लावलेलाच ठेवा, आणि आवळायचे ते तिरपे, थोडे थोडे करून. आवळताना काटा एक शतांशापेक्षा जास्त सरकला तर खाली कचरा आहे. खोला, पुन्हा धुवा. कंटाळा येतो, येऊ द्या. कॉलर पुन्हा कातून दोन्ही सारख्या आल्या की मगच डॉवेल पिनांची (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांची) भोकं मारा, जागेवरच रीम (नेमक्या मापाला साफ) करून. आधी नाही.

बाकीचं सोपं आहे. टूलपोस्टखालची कंपाउंड स्लाइड काढून तिथे क्रॉस-स्लाइडवर भरीव ठोकळा बसवा. त्याची उंची टूलची धार सेंटरला येईल अशी. पट्टा नवा, लांब. टेलस्टॉकखाली ठोकळा मी घातलेलाच नाही, पुलीच्या बोअरला तो लागत नाही. लीडस्क्रूची (टूल आपोआप सरकवणाऱ्या आटेदार दांड्याची) गिअरमाळ तुटते. मध्ये एक आयडलर (जोडणारा जादा गिअर) वाढवला की ती जुळते पण फीड (टूलचं सरकणं) उलटा होतो. तुमच्या लेथला फीड उलटवायचा लिव्हर नसेल तर दोन आयडलर घाला.

वेगाकडे मात्र बघा. बिडाला एच.एस.एस. टूलने मिनिटाला २० मीटर धरले, तर २५४ मिलिमीटर व्यासाच्या कडेला साधारण २५ फेरे येतात. कार्बाइडने ६० मीटर धरले तर ७५. माझ्या लेथचा सर्वांत कमी वेग १३० होता. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून मोटर रांगत ठेवली तर तिचा पंखाही रांगतो आणि ती तापते. त्यापेक्षा मध्ये एक काउंटरशाफ्ट (वेग उतरवणारा मधला दांडा) टाका, जोरही वाढतो.

पुली फेसप्लेटला क्लॅम्पने धरा. स्विच दाबण्याआधी एक पूर्ण फेरी हाताने फिरवा. क्लॅम्पचा बोल्ट बेडला लागतो की नाही ते तेव्हाच कळतं. ओतीव कामाचा पहिला कट वरच्या कडक सालीखाली जाईल इतका खोल घ्या. नुसतं खरवडत बसलात तर वाळू टूलची धार खाऊन टाकते.

ठोकळे मी आता काढत नाही, बारीक कामही त्यांच्यावरच चालतं. तुम्ही काढणार असाल तर 'डावा-पुढे' असं पंचने कोरून ठेवा, ग्रीस फासा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आणि परत बसवलेत की कॉलरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.