पावडर खाली बसते कायले? आधी पाणी पाहा

राजेहो, रेड ऑक्साइड घ्या नाहीतर लॅबमधलं झिंक ऑक्साइड, बाटलीत टाकून हलवलं की एकदम मस्त एकजीव दिसते, अन् चहा पिऊन येईपर्यंत खाली गाळ. पोट्टे म्हणतात सर पावडरच खराब आहे. बहुतेक वेळा पावडर बरी असते, चूक आपल्या पाण्यात असते.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एका प्रोजेक्टले मी सोताच घाईघाईत बोरचं पाणी वापरलं होतं. ज्या पाण्यात तुरीची दाळ धड शिजत नाही त्या पाण्यात हे टिकणार कसं! पाण्यात ऑक्साइडच्या कणावर चार्ज येते, सारख्या चार्जचे कण एकमेकांले दूर लोटतात, म्हणून ते तरंगत राहतात. बोरच्या अशा जड, म्हणजे क्षारवाल्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम हा चार्ज झाकून टाकतात, मग कण जवळ आले की चिकटलेच. अन् गच्च गुठळी 10 पट मोठी झाली की ती 100 पट लवकर खाली जाते. म्हणून बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा (ॲसिड नाही बरं, दोन्हीले लोक बॅटरीचं पाणीच म्हणतात).

आता पावडर एकदम बाटलीत ओतू नका. पिठल्याचं बेसन आपण कसं आधी थोड्या पाण्यात कालवतो, तसं खलात चिमूटभर पावडर अन् थेंब थेंब पाणी घेऊन घट्ट लगदा करा, चांगलं घोटा, मगच पातळ करा. कोरड्या गुठळीच्या आत हवा अडकली की ती नुसत्या हलवण्यानं फुटत नाही.

मग पीएच (पाणी किती ॲसिडिक की अल्कली ते सांगणारा आकडा) पाहा, खरी गंमत इथंच आहे. प्रत्येक ऑक्साइडचा एक पीएच असते जिथं त्याच्यावरचा चार्ज शून्य होते अन् तिथंच ते सगळ्यात जास्त गोळा होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा साधारण 6 च्या आसपास, ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइड) 9 च्या जवळ, सिलिकाचा (वाळूतलं ऑक्साइड) 2-3. म्हणजे टायटॅनियमवालं साध्या पाण्यात नेमकं अडचणीच्या जागी येऊन बसते, त्यात अमोनियाचे दोन-चार थेंब टाकून पीएच 9-10 करा अन् फरक डोळ्यानं पाहा. झिंक ऑक्साइडले मात्र ॲसिड दाखवू नका, ते विरघळूनच जाईल.

माती परीक्षणवाले कण सुटे ठेवायले कॅलगॉन म्हणजे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात, तेही चालते, पण चिमूटभरच, कारण जास्त झालं की तेही मीठच आहे, चार्ज झाकायले लागते.

पाणी नको असेल तर? पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (द्रव चार्ज-चार्जमधली ओढ किती पट कमी करते तो आकडा) 80 च्या जवळ, इथेनॉलचा 24-25, टोल्युइन अन् रॉकेलचा 2 च्या आसपास. आकडा जितका कमी तितका चार्जचा भरवसा कमी. इथेनॉलमध्ये काही काळ निभावते, रॉकेल-टर्पेंटाइनमध्ये उघडी पावडर टाकली की गोळेच होतात. तिथं कणाले कोट घालावा लागते. ओलेइक ॲसिडचं (खाद्यतेलात असते ते फॅटी ॲसिड) डोकं ऑक्साइडले चिकटते अन् शेपूट तेलात मोकळं राहते, त्यामुळं दोन कण अंगाशी येत नाहीत. 1963 मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड), रॉकेल अन् ओलेइक ॲसिड घोटूनच चुंबकाकडं ओढलं जाणारं द्रव, म्हणजे फेरोफ्लुइड, बनवलं होतं.

आमच्याकडं पावसाळ्यात तेलातलं काम हटकून बिघडते बाप्पा, कारण पावडर ओल धरते अन् तो ओलावा तेलात कणाकणाले जोडत बसते. आधी 110 अंशावर ओव्हनमध्ये दोन तास वाळवा.

गुठळ्या फोडायले मोबाईल रिपेअरवाल्याकडची अल्ट्रासॉनिक टाकी (कानाले न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरीनं साफ करणारी) मागून आणा, 10-15 मिनिटं पुरे. लाइन जायच्या आधी उरकून घ्या. टाकीत पाणीच ठेवायचं, अन् झाकण लावलेली बाटली त्यात उभी करायची. ॲसिटोन-रॉकेल टाकीत थेट ओतलं तर भडका उडू शकते. पावडर मोजताना तोंडाले मास्क पाहिजेच.

तपासायले चार सारख्या बाटल्या घ्या: बोरचं पाणी, डिस्टिल्ड, इथेनॉल, टर्पेंटाइन. प्रत्येकीत सारखी पावडर, सोबत हलवा, बाजूले पट्टी ठेवून दर 10 मिनिटाले वरच्या नितळ थराची उंची लिहा. दुसऱ्या दिवशी बाटल्या आडव्या करा. फुगलेला ढिला गाळ लवकर हलला तर समजा गुठळ्या झाल्या होत्या, अन् तळाशी पातळ, घट्ट थर चिकटून बसला असन तर कण एकएकटे खाली आले होते, म्हणून नुसती गाळाची उंची पाहून कमी गाळ तो चांगला असं ठरवू नका, पोट्टे इथंच फसतात.