लीजवरची गाडी परत करताना बिल का फुगतं? या चुका टाळा

लीजवर, म्हणजे लीज कंपनीकडून ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेली गाडी धुऊन-पुसून, चकाचक करून परत दिली, तपासणाऱ्यानेही ‘छान ठेवलीय’ म्हटलं, आणि काही आठवड्यांनी दुरुस्तीचं लांबलचक बिल हातात पडलं, असं पुष्कळ जणांचं होतं. कारण साधं आहे. गाडी चांगली दिसते की नाही, हे तिथे कुणी पाहत नाही. तपासणाऱ्याच्या हातात कराराची मापं असतात: ओरखडा किती सेंटीमीटर चालतो, एका दारावर किती पोचे चालतात, टायरची खाच किती मिलीमीटर उरलेली हवी. ही मापं तुमच्याही हातात पहिल्या दिवसापासून असतात, ‘वापरामुळे होणारी झीज’ अशा नावाच्या परिशिष्टात. ते पान बहुतेक जण गाडी परत करायच्या आदल्या रात्री उघडतात, आणि तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

हप्ता कमी दिसला म्हणून सही केली

लीजच्या हप्त्यात दोन गोष्टी असतात: गाडीची घसरलेली किंमत आणि व्याज. गाडीची किंमत १०० हिस्से धरा. ३६ महिन्यांनी ती ५५ हिश्श्यांची उरेल असं कंपनीने ठरवलं, तर उरलेले ४५ हिस्से तुम्ही ३६ महिन्यांत फेडता, म्हणजे महिन्याला सव्वा हिस्सा. वर्षाला ६ टक्के व्याज असेल तर, १०० आणि ५५ यांच्या सरासरीवर, महिन्याला साधारण ०.३९ हिस्सा आणखी. ही उरलेली किंमत, म्हणजे अवशिष्ट मूल्य, जितकं जास्त धराल तितका हप्ता कमी. म्हणून कमी हप्त्याच्या करारात दोन जागा आधी बघा. एक, किलोमीटरची मर्यादा खूप खाली तर ठेवलेली नाही ना? दोन, करार बंद प्रकारचा आहे की खुला? बंद करारात गाडीचा बाजारभाव पडला तर तोटा कंपनीचा. खुल्या करारात तो फरक तुमच्या माथी येतो. व्यवसायासाठी घेतलेल्या गाड्यांचे करार पुष्कळदा खुले असतात, आणि तिथे फुगवलेलं अवशिष्ट मूल्य म्हणजे शेवटी येणाऱ्या बिलाची आगाऊ नोंदच.

सुरुवातीला मोठी रक्कम भरून हप्ता खाली आणणं ही याचीच दुसरी बाजू. गाडी दुसऱ्याच महिन्यात चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी बाजारभावाप्रमाणे पैसे देते आणि ते लीज कंपनीकडे जातात. तुम्ही आगाऊ भरलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे बाजारभाव कराराच्या शिल्लक रकमेपेक्षा कमी असेल, तर मधली तफावतही तुम्हालाच भरावी लागू शकते. ही तफावत भरून देणारं वेगळं संरक्षण करारात आहे का, हे सहीआधी विचारा.

किलोमीटरचा हिशोब शेवटच्या महिन्यात

३६ महिन्यांत ४५,००० किलोमीटरची मुभा असेल तर महिन्याला १,२५० येतात. दहाव्या महिन्याच्या अखेरीस मीटर १२,५०० च्या आसपास हवा. तो १५,४०० दाखवत असेल तर याच वेगाने तुम्ही ५५,००० च्या पुढे जाल, म्हणजे दहा हजारांहून जास्त किलोमीटर जादा. जादा किलोमीटरचा दर प्रत्येक किलोमीटरमागे लागतो, त्यामुळे एकेकटा तो क्षुल्लक वाटतो आणि दहा हजारांनी गुणला की डोळे पांढरे होतात.

यावर उपाय आहे, पण तो वेळेत केला तरच. बऱ्याच कंपन्या करार चालू असताना किलोमीटरची मर्यादा वाढवून देतात आणि तो दर दंडाच्या दरापेक्षा कमी असतो. दर तीन महिन्यांनी मीटरचा फोटो काढून आकडा लिहून ठेवा. घरात दुसरी गाडी असेल तर लांबचे प्रवास तिने करा. उलट बाजूही ध्यानात असू द्या: न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे बहुतेक करारांत परत मिळत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच भीतीपोटी अवाच्या सवा मर्यादा घेऊ नका.

ओरखडे आणि पोचे: तपासणारा बघतो तसं बघा

ओली गाडी ओरखडे लपवते. धुवा, पूर्ण कोरडी करा आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं पडत असताना गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारा. पोचा शोधायचा असेल तर दाराच्या पत्र्यात एखाद्या सरळ रेषेचं प्रतिबिंब पाहा, ट्यूबलाइट किंवा खांब चालेल. डोकं हळूहळू बाजूला नेलं की ते प्रतिबिंब पत्र्यावरून सरकतं. जिथे ती रेषा वाकते किंवा उडी मारते, तिथे पोचा आहे, समोरून तो दिसत नसला तरी.

ओरखडा दिसला की त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरापुरता आहे, आणि चांगल्या रबिंग-पॉलिशने बहुधा निघतो. नख अडकलं तर तो रंगापर्यंत पोचलाय. खाली प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा दिसत असेल तर ती जागा लगेच झाकून बंद करा, कारण तिथून गंज सुरू होतो, आणि गंज सहसा कराराच्या व्याख्येत साधी झीज म्हणून बसत नाही.

आता इथली सगळ्यात महाग चूक. बिलाच्या धास्तीने लोक शेवटच्या आठवड्यात स्वस्तातलं डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन जाडीचा असतो. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेल्या जागी हीच जाडी कित्येक पट निघते, आणि रंगाची जाडी मोजणारं यंत्र ते दोन सेकंदांत सांगतं. त्यात मेटॅलिक रंगाची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळली नाही, रंगात धूळ अडकली, दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे राहिले, तर छोट्या ओरखड्याच्या जागी अख्खं दार पुन्हा रंगवण्याचा खर्च लागतो. म्हणजे दोनदा पैसे, आणि वर ‘निकृष्ट दुरुस्ती’ असा शेरा. रंग शाबूत असलेला उथळ पोचा असेल तर रंगाला हात न लावता पत्रा आतून दाबून सरळ करणारे कारागीर गाठा. त्यासाठी पैसे घालणं बहुतेक वेळा परवडतं. रंग गेलेला असेल तर आधी करारातली मर्यादा वाचा, मर्यादेत बसणाऱ्या ओरखड्यावर गंज रोखण्यापलीकडे काही करू नका, आणि न बसणाऱ्यासाठी कंपनीला मान्य असलेल्याच गॅरेजमध्ये जाऊन पावती घ्या.

पुढच्या काचेवर खडी लागून टिकली पडली तर तिच्यात धूळ-पाणी शिरण्याआधी वर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि लवकरात लवकर रेझिन भरून घ्या. तापलेल्या काचेवर एकदम थंड हवा सोडली की हीच टिकली तडा बनून आडवी धावते. काच बदलावीच लागली तर एक गोष्ट विसरू नका: लेन आणि ब्रेकवर लक्ष ठेवणारा कॅमेरा अनेक गाड्यांत याच काचेमागे असतो. नव्या काचेनंतर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवून घेणं, करावं लागतं. ते केल्याचा कागद नसेल तर काच नवी असूनही त्रुटी लागते.

टायर: बाहेरून चांगले, आतून गोटा

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलीमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे दिसतात, ते बहुतेक ठिकाणी १.६ मिलीमीटरची कायदेशीर किमान खोली दाखवतात. इथेच गफलत होते. रस्त्यावर चालवायला १.६ पुरते, म्हणून परत द्यायलाही पुरेल असं गृहीत धरलं जातं. अनेक लीज करार ३ मिलीमीटरच्या आसपास खोली मागतात.

मोजायचं तर प्रत्येक टायरवर तीन जागी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. उभं राहून फक्त बाहेरची कड दिसते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलेली असेल तर आतली कड पार गुळगुळीत झालेली असते आणि तिचा पत्ता गाडी लिफ्टवर चढल्यावर लागतो. झिजेचा नमुना कारणही सांगतो. फक्त मध्य झिजला तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, आणि एकच कड खाल्ली गेली तर अलाइनमेंट. कारण दुरुस्त न करता टायर बदललात तर नवे टायरही तसेच जातील.

बदलताना बाजूवरचा आकडा पूर्ण जुळवा. २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलं असेल, तर रुंदी आणि रिमच्या मापाइतकेच शेवटचे ९१ आणि व्ही महत्त्वाचे. ९१ म्हणजे त्या एका टायरने ६१५ किलो भार पेलणं, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. याहून खालच्या दर्जाचा टायर बसवला तर तो नवाकोरा असूनही नाकारला जातो. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर असले तरी बरेच करार हरकत घेतात. फुटपाथला घासलेल्या अलॉय रिमची मर्यादा वेगळी दिलेली असते, ती सेंटीमीटरमध्ये मोजून बघा.

सर्व्हिसिंग ‘नंतर बघू’

सर्व्हिसिंगची अट ठरावीक महिने किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, अशी असते. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक किलोमीटरकडेच बघत राहतात आणि तारीख उलटते. नोंदीत एक सर्व्हिसिंग गाळलेली दिसली की गाडीची फेरविक्रीची किंमत पडते आणि ती वसुली तुमच्याकडून होते. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटलेला असताना गाडी परत देऊ नका. तो बॅटरी काढून घालवणंही फुकट आहे, कंट्रोल युनिटमध्ये दोषाची नोंद राहू शकते आणि स्कॅनर लावला की ती पुढे येते.

आपण लावलेलं, आपण काढायचं

काचेची फिल्म, टो हुक, वेगळा म्युझिक सिस्टम, स्टिकर: परवानगी लेखी नसेल तर सगळं मूळ स्थितीत आणावं लागतं, आणि मूळ सुटे भाग टाकून दिले असतील तर नवे घ्यावे लागतात. स्टिकर ओरबाडून काढू नका. हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश ओढा, उरलेला गोंद रंगाला न लागणाऱ्या द्रावणाने पुसा. सिगारेटचा वास आणि सीटला पडलेलं भोक, दोन्हीसाठी वेगळी आकारणी होते.

सामानाची मोजणी घरीच करा: दुसरी चावी, स्टेपनी किंवा पंक्चर किट, जॅक, पाना, डिकीतल्या सामानावरचं झाकण, मॅन्युअल, आणि विजेवरची गाडी असेल तर चार्जिंग केबल. दुसरी चावी हरवलेली असेल तर ते आधीच सांगा. चिप असलेली चावी गाडीला प्रोग्रॅम करून मिळायला वेळ लागतो.

गाडीच्या स्क्रीनवर तुमचे संपर्क, घराचा पत्ता, कॉलची यादी असते. फॅक्टरी रीसेट करा. पण तेवढं पुरत नाही, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधूनही ती गाडी काढून टाका. नाहीतर पुढच्या मालकाच्या गाडीचं ठिकाण तुम्हाला दिसत राहील आणि तुमचे प्रवास त्यांना. डॅशकॅममधलं कार्ड काढून घ्या.

मुदतीआधी परत, किंवा शेवटी विकत

मुदतीआधी गाडी नको झाली म्हणून नुसती नेऊन उभी केली तर उरलेले हप्ते माफ होत नाहीत. आधी शिल्लक रकमेचा लेखी आकडा मागा. दुसऱ्याच्या नावे करार करून देण्याची सोय असेल तर एकच प्रश्न स्पष्ट विचारा: त्याने हप्ता चुकवला तर जबाबदारी पुन्हा माझ्यावर येते का?

नवी गाडी घेताना ‘जुनीचं आम्ही बघतो’ असं विक्रेता म्हणाला, तर उरलेले हप्ते नव्या करारात मिसळले जातात का ते तपासा, आणि जुना करार बंद झाल्याचं पत्र लीज कंपनीकडूनच घ्या.

किलोमीटर बरेच ओलांडले असतील, अंगावर पोचे असतील आणि करारात खरेदीचा पर्याय असेल, तर गाडी स्वतःच विकत घेण्याचा हिशोब जरूर मांडा. गाडी परतच जात नसल्यामुळे जादा किलोमीटर आणि झीज यांची आकारणी सहसा लागत नाही. कराराची खरेदी किंमत बाजारभावापेक्षा कमी निघाली तर दुहेरी फायदा.

शेवटचा दिवस

मुदत संपण्याच्या ६० ते ९० दिवस आधी पूर्वतपासणी मागून घ्या. तो अहवाल हातात असला की काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच सोडायचं, हे आकड्यांवर ठरवता येतं.

परत देताना टेबलावर चाव्या ठेवून निघू नका. दिवसाउजेडी, तुमच्या समोर तपासणी व्हावी. चारही बाजू, चारही रिम, टायरच्या खाचा, काच, सीट, डिकी आणि चालू मीटर यांचे तारीख-वेळेसह फोटो काढा. गाडी न्यायला वाहतूकदाराचा माणूस घरी येणार असेल तर हे दुपटीने गरजेचं. खरी तपासणी दूरच्या गोदामात, काही दिवसांनी होते, आणि मधल्या वाहतुकीत पडलेला पोचा तुमच्या नावावर चढू शकतो. ‘गाडी मळलेली असल्याने तपासता आली नाही’ असा शेरा असलेल्या कागदावर सही करू नका. मीटरचा आकडा, तारीख, वेळ आणि चाव्यांची संख्या लिहिलेली पावती घ्या, आणि ती मिळाल्यावरच विमा बंद करा. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता थांबला का, हे पुढच्या महिन्यात पाहा.

बिल आलं की एकरकमी भरून मोकळे होऊ नका. प्रत्येक ओळीसाठी फोटो आणि मोजमाप मागा, तुमच्या फोटोंशी ताडून पाहा, आणि हरकत असेल ती ओळ कराराच्या कलमासह मुदतीत लेखी कळवा. वाद नसलेली रक्कम मात्र वेळेवर भरा, म्हणजे उशिराचा दंड वर चढत नाही. खातं पूर्ण बंद झाल्याचं पत्र हाती येईपर्यंत फोटो आणि पावत्या जपून ठेवा.