शॉक-बाउंड्री लेयरमध्ये थिसिस करायचाय? मग आधी केस ९ नीट करा

मी साक्री तालुक्यातला, मेकॅनिकल धुळ्यात केलं, मग एमटेक, आणि आता पाच वर्षं झाली बंगळुरूत सीएफडीचं, म्हणजे हवेचा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवायचं काम करतोय. धुळे-जळगाव-नंदुरबारकडची पोरं फोन करतात की दादा टर्ब्युलन्स मॉडेलिंगमध्ये (प्रवाहातली खळबळ गणितात बसवणं) थिसिस घेतोय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. वर म्हटलेली केस ९ म्हणजे एका पंखाच्या आकारावर झालेला ठराविक प्रयोग, तो पुढे येतोच.

आधी शॉक डोळ्यासमोर आला पाहिजे. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत, पावसाळ्यात त्यावरून पाणी उतरतं ते पातळ आणि सुसाट, आणि खाली थोडं पुढे गेलं की एकदम उचलल्यासारखं होतं, जाड होतं, फेसाळतं, मंद होतं. ती हायड्रॉलिक जंप. मी तिथे बघत बसायचो आणि आबा वरून हाक मारायचे, "काय देखी ऱ्हायना रे?" शॉकचंही तसंच, आवाजापेक्षा वेगात चाललेली हवा अगदी पातळ पट्ट्यात मंद होते आणि दाब एकदम चढतो.

प्रवासी विमान मॅक ०.८ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८ पटीच्या आसपास उडतं, पण पंखावरून वळताना हवा मॅक १ च्या पुढे जाते आणि वरच्या पृष्ठभागावर शॉक उभा राहतो. आता पंखाला चिकटून जो थर असतो, जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलने १९०४ साली सांगितलेला बाउंड्री लेयर, त्यातली हवा आधीच दमलेली, तिला हा दाबाचा चढ चढवत नाही. ती उलटी फिरते, थर सुटतो, जाड होतो, आणि जाड झालेला थर परत शॉकलाच पुढे ढकलतो. दोघं एकमेकांना बदलत राहतात, म्हणून हा विषय अवघड. सतीश धवन, पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले ते, त्यांनी कॅलटेकला असताना लीपमन आणि रोश्कोंबरोबर याच विषयावर प्रयोग केले होते, तो NACA चा (नासाच्या आधीची अमेरिकी संस्था) रिपोर्ट १९५२ चा आहे. लॅमिनार म्हणजे शांत, सरळ वाहणारा थर असेल तर शॉकचा परिणाम प्रवाहाच्या वरच्या बाजूला कितीतरी लांबपर्यंत पोचतो आणि टर्ब्युलंट म्हणजे खळबळत्या थराला कमी, हे त्यात स्वच्छ दिसतं. नक्की वाचा, मला अजूनही तो रिपोर्ट उघडला की अभिमान वाटतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती बहुतेक तुम्हीपण करणार. आरएई २८२२ नावाचं एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) आहे, त्यावरच्या प्रयोगांतली केस ९ म्हणजे मॅक ०.७३, रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) ६५ लाख, पंखाचा हवेशी अँगल ३.१९ अंश. मी ३.१९ जसाच्या तसा टाकला. लिफ्ट जास्त आली, शॉक मागे सरकला, आणि मी तीन आठवडे टर्ब्युलन्स मॉडेल बदलत बसलो, स्पालार्ट-अल्मारास झालं, एसएसटी झालं, के-एप्सिलॉन झालं, काही जुळेना. शेवटी एका सीनियरने विचारलं की अरे प्रयोग विंड टनेलच्या बोगद्यात झालाय ना, तुझ्या मेशमध्ये (हिशोबासाठी केलेल्या जाळीत) बोगद्याच्या भिंती कुठेत? भिंतींमुळे हवेला पंख कमी अँगलवर असल्यासारखा वाटतो, म्हणून सगळे लोक २.३ ते २.८ च्या मधला करेक्टेड अँगल घेतात. तो टाकला आणि प्रेशरचा ग्राफ बऱ्यापैकी बसला. मॉडेलचा दोष नव्हताच.

म्हणून मॉडेलवर खापर फोडायच्या आधी बाकी सगळं तपासा. मेश पहिलं. भिंतीलगतची, म्हणजे पंखाच्या पृष्ठभागालगतची, जाळीतली पहिली सेल वाय प्लस (पृष्ठभागापासूनचं मोजमापरहित अंतर) १ च्या आसपास पाहिजे, मीटरभर कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची लांबी) आणि हा रेनॉल्ड्स नंबर धरला तर ती उंची साधारण ४ मायक्रॉन निघते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. आणि नुसते मॅक नंबरचे रंगीत कंटूर बघून खूश होऊ नका, भिंतीवरचा स्किन फ्रिक्शन (हवेचं पृष्ठभागाशी घर्षण) प्लॉट करा, तो शून्याच्या खाली गेला तिथे थर सुटला. कंटूरमध्ये हे कळत नाही.

हे जमलं की त्याच एअरफॉइलची केस १०. मॅक ०.७५, शॉक तगडा, मागे थर सुटतो, आणि इथे मात्र मॉडेलं खरंच उघडी पडतात. बहुतेकांचा शॉक प्रयोगापेक्षा मागे येतो, के-एप्सिलॉनचा तर ठळक. कारण दाब चढत असताना ते भिंतीजवळ एडी व्हिस्कॉसिटी (खळबळीमुळे येणारा जादा चिकटपणा) जास्त देतं, थराला उगाच ताकद मिळते, तो सुटायला उशीर होतो. मेंटर नावाच्या संशोधकाने १९९४ च्या एसएसटी मॉडेलमध्ये नेमका त्यावर लगाम घातला, शिअर स्ट्रेस टर्ब्युलंट एनर्जीच्या ०.३१ पटीच्या वर जाऊ द्यायचा नाही, ही ब्रॅडशॉ या संशोधकाची कल्पना. म्हणून ते थर लवकर सोडतं, कधीकधी गरजेपेक्षा लवकर. इंटरव्ह्यूत मला हेच विचारलं होतं, शॉक मागे का गेला सांग. मॉडेलांची नावं पाठ असून तिथे काही उपयोग नव्हता, ०.३१ कुठून येतो ते माहीत होतं म्हणून निभावलं.

बफेटच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. त्यात शॉक पंखावर पुढेमागे हलत राहतो, ओएटी१५ए एअरफॉइलवर साधारण ७० हर्ट्झने, ते आकर्षक वाटतं खरं पण स्टेडी केस पक्की नसेल तर हाती आलेलं खरं की खोटं तेच कळणार नाही.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका, एसयू२ फुकट आहे आणि टू-डी केस साध्या लॅपटॉपवर चालते. फक्त मे महिन्यात आपल्याकडे दुपारी लॅपटॉप इतका तापतो की स्पीड निम्म्यावर येतो, त्यामुळे रन रात्री लावा, आणि रीस्टार्ट फाइल दर काहीशे इटरेशनला सेव्ह होईल असं सेटिंग करा, नाहीतर लाइट गेली तर सकाळी पहिल्यापासून सुरू करायला लागतं.